गालाऊला भित्रा म्हटलं म्हणून

इबान लोकांच्या नदीकाठी मिशनच्या शाळेत नवा मास्तर रुजू झाला की जुने मास्तर त्याला पहिल्याच दुपारी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात घेऊन जात. कारण तिथे लेम्बा होती. चुलीवरची नजर न काढता ती विचारायची, ‘‘हॅस्ट दाऊ ईटन?’’ आजच्या इंग्रजाच्या कानाला हे कसं लागतं? खानावळीत शिरल्या शिरल्या गल्ल्यावरच्या बाईनं आपल्याला ‘तुवां भोजन केलें काय?’ असं विचारावं, तसं. नवा मास्तर फिस्सकन हसायचा, त्याला बघून जुने हसायचे, आणि लेम्बा त्या सगळ्यांच्या ताटात तळाचा करपलेला भात वाढायची.

हसणाऱ्यांना काय कळणार! लेम्बा अकरा वर्षांची असताना फादर पेनफोल्डच्या स्वयंपाकघरात लागली. भिंतीच्या एका अंगाला चूल, दुसऱ्या अंगाला वर्ग. फादर मुलांकडून प्रार्थना घोकून घेत आणि इकडे लेम्बा भाजी चिरता चिरता घोके. तिच्या कानावर पडलेलं इंग्रजी हे असं तीनशे वर्षं जुनं. मधल्या काळात इंग्रज बोलायचं बदलले, हे तिला सांगायला कुणी आलं नाही. पुढे कळलं, तरी तिनं आपलं इंग्रजी बदललं नाही. सणाच्या दिवशी लांबघराच्या, म्हणजे अख्खं गाव एका छपराखाली राहतं त्या घराच्या, ओसरीवर बसून मंत्रगायक जे गातात, त्यातले निम्मे शब्द चुलीपाशी कुणी बोलत नाही. देवांना आणि शूरांना बाजारच्या बोलीत हाक मारायची नसते, हे इबानाच्या पोराला दूध पितानाच समजतं. इंग्रजीलाही तसं खोल पाणी आहे आणि फादरनं आपल्याला नेमकं तिथलं भरून दिलंय, असं लेम्बाचं मत होतं. मला विचाराल तर ते खरंच होतं.

तिचं हे मत पटणारा आणखी एकच माणूस त्या नदीवर होता. अम्ब्रोस मास्तर. फादरच्या वर्गात, भिंतीच्या पलीकडे, पहिल्या रांगेत बसणारा. पुढे तो त्याच शाळेचा हेडमास्तर झाला आणि निवृत्तही झाला. तीस वर्षं तो संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन बसे. दुसरे लोक पानतंबाखू आणतात, हा शब्द आणायचा. ‘‘लेम्बा, आज एक सापडला. पेराडव्हेंचर!’’ मग दोघंही ‘कदाचित’साठीचा तो जुना शब्द तोंडात घोळवत बसायची. लेम्बाचा नवरा जिवंत होता तेव्हा म्हणायचा, ‘‘तुमच्या दोघांचं लफडं असतं तर मी भांडलो तरी असतो. ह्या येडपटपणाला काय करू?’’

हे सगळं सांगायचं कारण एवढंच, की ज्यानं तिच्या काळजावर घाव घातला तो परका नव्हता.

१९७१ साली शाळेला पन्नास वर्षं झाली. शनिवारी मोठा समारंभ, गावोगावचे पाहुणे, बिशप येणार. त्यासाठी अम्ब्रोस मास्तरनं एक पुस्तक लिहिलं. त्याच्या लांबघराचा मूळपुरुष एंगोंग, ज्याला आजही सगळी नदी ‘पूर अडवणारा’ म्हणते, त्याची वीरकथा. जुन्या, भारदस्त, फादरच्या इंग्रजीत. शहरातून दोनशे प्रती छापून आल्या, निळ्या कव्हराच्या. त्यातली चार पानं समारंभात पाठ म्हणायला मास्तरनं सगळ्या शाळेतून एक मुलगी निवडली: लेम्बाची नात सुदाऊ. तेरा वर्षांची, पण ‘दाऊ’ आणि ‘दी’ तिच्या जिभेवर पाण्यासारखे. कुणी शिकवलं, हे काय सांगायला हवं?

सोमवारी संध्याकाळी लेम्बा उद्याच्या भाताचे खडे वेचत होती आणि सुदाऊ शेजारी बसून घोकत होती. मध्येच तिनं आजीला विचारलं, ‘‘इनी, क्रेवन म्हणजे काय गं?’’

‘‘कोंबडा,’’ लेम्बा म्हणाली.

‘‘कोंबडा?’’

‘‘झुंजीतून पाठ फिरवून पळालेला. फादर प्रवचनात झुंजीला पाप म्हणायचे आणि दुपारी स्वतःच कुंपणाशी उभे. एखादा कोंबडा पळाला की थुंकायचे आणि म्हणायचे, क्रेवन! मालक तो घरी नेत नसे, लाज वाटायची. माझ्या भांड्यात यायचा. असले किती शिजवले मी! कुठल्या ओळीत आलाय कोंबडा?’’

‘‘कोंबडा नाहीये. माणूस आहे. गालाऊ म्हणून कुणीतरी.’’

लेम्बाचा हात तांदळात तसाच राहिला. ‘‘वाच,’’ ती म्हणाली.

सुदाऊनं वाचलं. आपल्या भाषेत सांगायचं तर ते असं होतं: तेव्हां तो क्रेवन गालाऊ पळूं लागला, आणि एंगोंगानें त्यास पाठीमागून वधिलें.

‘‘परत वाच.’’

सुदाऊनं परत वाचलं. मग आजीचा चेहरा बघून घाबरून विचारलं, ‘‘कोण होता गं तो, इनी?’’

लेम्बाची तळपायाची आग मस्तकात गेली ती दोन्हीसाठी. पुस्तकात जे होतं त्यासाठी आणि ह्या प्रश्नासाठी. गालाऊ म्हणजे लेम्बाच्या आजीचा बाप. आजी तेव्हा सात वर्षांची होती. एंगोंगाची माणसं पहाटे नदीनं आली. घरातले गडी शेतावरच्या झोपड्यांत. गालाऊचा कोयता आदल्या दिवशी शेजाऱ्यानं उसना नेलेला. तो मासे मारायचा भाला घेऊन जिन्याखाली उतरला आणि बायका-पोरं मागल्या बाजूनं रानात शिरेपर्यंत उभा राहिला. आजीनं खांबांवरच्या घराखाली डुकरांच्या कुंपणात लपून हे बघितलं होतं. गालाऊ तिच्यापासून पाच हातांवर पडला. उताणा. हे आजीनं लेम्बाकडून बापाच्या, आजाच्या, पणजाच्या नावांसकट घोकून घेतलं होतं. आणि लेम्बानं? तिनं नातीकडून फादरच्या प्रार्थना घोकून घेतल्या. पूर्वजांची नावं घ्यायची राहून गेली. म्हणूनच ती पोर शनिवारी सगळ्या नदीसमोर उभी राहून स्वतःच्या रक्ताला पळपुटा कोंबडा म्हणणार होती, आणि तेही सुरेख उच्चारात!

ती तशीच, ओल्या हातांनी, पुस्तक घेऊन शाळेच्या सभागृहात गेली. अम्ब्रोस मास्तर खुर्च्या मांडून घेत होता. तिच्या हातातलं निळं कव्हर बघून त्याचा चेहरा खुलला.

‘‘वाचलंस? कसं वाटलं? ‘मारलं’च्या जागी ‘स्मोट’ टाकलंय, बघितलंस का? नेमका बसलाय की नाही?’’

‘‘अम्ब्रोस, गालाऊ पळाला असं तुमच्या घरात कोण सांगतं?’’

‘‘कोण गालाऊ? हां, तो.’’ मास्तरनं क्षणभर आठवलं. क्षणभर आठवावं लागलं त्याला! ‘‘तसं कुणी सांगत नाही. जुन्या गाण्यात नुसतं ‘गालाऊ पडला’ एवढंच आहे. पण अगं, इंग्रजीत नुसतं ‘पडला’ लिहिलं की वाक्य लंगडं व्हायला लागलं. तिथे एक जड शब्द हवा होता. क्रेवन! फादर म्हणायचे, आठवतं?’’

‘‘आठवतं. म्हणूनच आले. वाक्य लंगडं होतं म्हणून तू माझ्या पणज्याला पळवलंस?’’

 गालाऊ तिचा पणजा, हे मास्तरला खरंच ठाऊक नव्हतं की काय, कोण जाणे. पण माणूस भला असता तर तिथेच चुकलो म्हणाला असता. हा निवृत्त हेडमास्तर. ह्यांची चूक कधी होत नसते.

‘‘लेम्बा, हे साहित्य आहे. नव्वद वर्षांपूर्वीची गोष्ट. आणि शब्द बघ ना किती सुंदर आहे.’’

‘‘सुंदर आहे? मग स्वतःच्या आजाला लाव. रेघ मार त्यावर.’’

‘‘छापील पुस्तकात रेघ? बिशप येतायत! आणि तो पळाला नाही कशावरून? सात वर्षांच्या पोरीनं डुकरांत बसून बघितलं, हा पुरावा?’’

तिच्या घरची ही गोष्ट लेम्बानं त्याला कधीतरी संध्याकाळी विश्वासानं सांगितली असणार. तो ती विसरला नव्हता तर. फक्त सोयीनं आठवत होता.

‘‘माझ्या आजीला खोटी म्हणालास,’’ लेम्बा म्हणाली. ‘‘आता तू आणि मी नको. पाणी सांगेल.’’

सभागृहात खुर्च्या मांडणारी माणसं होती ती जागच्या जागी थांबली. पूर्वी दोन घरांचा वाद मिटेना की नदीत दोन खुंट रोवत. दोन्हीकडचा एकेक माणूस खुंटाला धरून एकदम पाण्याखाली जाई. ज्याचं डोकं आधी वर आलं, त्याची बाजू खोटी. वीस वर्षांत कुणी असं बोलावणं केलं नव्हतं. पण एकदा चारचौघांत पाण्याचं नाव घेतलं की नाही म्हणणारा तिथेच हरला.

लेम्बा आपल्या घरी गेली ती बुडणारा माणूस शोधायला. भाऊ ओसरीवर जाळं विणत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘‘अगं, मेला नव्वद वर्षांपूर्वी आणि भित्रा झाला इंग्रजीत. इथे इंग्रजी येतंय कुणाला?’’

‘‘मला येतं.’’

‘‘मग तू वाचू नकोस.’’

सगळे हसले. भाचे होते, पुतणे होते, नदीत मगरीसारखे पोहणारे. एकेकानं कानावर हात ठेवले. एकाला सर्दी, एकाची बायको बाळंतीण, तिसऱ्याला मास्तरनं शाळेत चिकटवलेलं.  ज्याच्या भाल्यामुळे त्यांची आजी-पणजी रानात पोचली, आणि म्हणून हे दांडगे जन्माला आले, त्याच्यासाठी एकालाही नाक मिटवेना! लेम्बा म्हणाली, ‘‘बसा घरी. शिरा खा. बांगड्या द्यायला हव्या होत्या, पण त्या मला लागतात.’’

गुरुवारी ती एकटी मास्तरच्या लांबघराच्या घाटावर उतरली. तिथला मुखिया, तुआई मंजा, चाळिशीचा, समजूतदार माणूस. तो हात जोडूनच समोर आला. ‘‘इंदाई, तू आम्हाला आईसारखी. आमची अर्धी पोरं तुझ्या हातचं खाऊन मोठी झाली. हे सोड ना.’’

‘‘मास्तर शब्द सोडतो का विचार.’’

मास्तर ओसरीवर पांढरा शर्ट घालून बसला होता. त्यानं सोडला नाही. उलट त्याच्या वतीनं बुडायला पुतण्या जाबू तयार होऊन उभा होता, तीस वर्षांचा, खळाळातून नावा काढणारा, छाती पिंपासारखी. चालीप्रमाणे बदली माणूस चालतो, त्यामुळे कुणी काही बोललं नाही.

‘‘तुझा माणूस कुठाय?’’ तुआईनं विचारलं.

‘‘उभी आहे ना मी.’’

‘‘इंदाई! एकोणसाठ वर्षांची तू!’’

‘‘शब्द लिहायला स्वतः आणि बुडायला पुतण्या,’’ लेम्बा मास्तरकडे बघून म्हणाली. ‘‘छान. आमच्याकडे तसं नाही.’’ तिनं लुंगी खोचली आणि ती नदीत उतरली.

सगळं घर काठावर आलं. खुंट रोवले होते. तुआईनं हात खाली केला आणि दोन्ही डोकी एकदम पाण्याखाली गेली. पाणी गढूळ, डोळे उघडून उपयोग नव्हता. लेम्बानं खुंट घट्ट धरला आणि मनात आजीनं शिकवलेली नावं म्हणायला सुरुवात केली. एकदा म्हणून झाली. दुसऱ्यांदा म्हणताना कानात ढोल वाजायला लागले. तिसऱ्यांदा नावं एकमेकांत मिसळली. बोटं आपोआप सुटत होती, ती तिनं दातओठ खात पुन्हा आवळली. मग काय झालं ते तिला कळलं नाही. दोन माणसांनी तिला काखेत धरून वर काढलं होतं, ती खोकत होती, आणि जाबू अजून खालीच होता. तुआईनं त्याच्या खांद्यावर थोपटलं तेव्हा तो निवांतपणे वर आला.

कुणी जल्लोष केला नाही, एवढी त्यांना लाज होती. तुआई खाली मान घालून म्हणाला, ‘‘पाणी बोललं.’’

अम्ब्रोस मास्तर काठावरून खाली आला. जिंकलेल्या माणसाला औदार्य सुचतंच. ‘‘चल लेम्बा, झालं गेलं नदीला मिळालं. कोरडी हो. शनिवारी सुदाऊ बघ कशी म्हणते ते.’’

लेम्बानं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती तशीच निथळत घाट चढली, ओंडक्याच्या खाचांवर पाय देत जिना चढली आणि ओसरीच्या मधोमध जाऊन उभी राहिली. वर तुळईला वेताच्या कड्यांत नऊ डोकी टांगलेली होती, जुन्या लढायांत मारून आणलेल्या शूर शत्रूंची, धुरानं काळी पडलेली, खाली मंद चूल. घरातले निम्मे लोक रविवारी चर्चला जात, पण ही चूल कुणी विझवली नव्हती. लोक तिच्या मागून वर आले.

‘‘ह्यातला गालाऊ कुठला?’’ तिनं विचारलं.

 मग चुलीपाशी बसलेली इनी रेमी, त्या घरातली सगळ्यात म्हातारी, तिनं बोट दाखवलं. ‘‘तिसरा.’’

‘‘खाली काढा.’’

‘‘काय?’’ तुआई दचकला.

‘‘खाली काढा म्हणते. मी त्याला घरी नेते. पाणी बोललं ना? गालाऊ भित्रा, पळपुटा, ठरलं ना? मग भित्र्याचं डोकं तुमच्या ओसरीवर कशाला? चांगल्या घरात असलं टांगतात होय? उद्या खालच्या घरचे विचारतील, तुमचा एंगोंग पूर अडवणारा, त्यानं अडवला कोण, तर पळणारा म्हातारा! आणि मारला कुठून, तर पाठीमागून! छापून आलंय. दोनशे प्रती. बिशपला पण एक मिळेल.’’

 आता त्या लोकांची पंचाईत बघा. डोकं द्यावं तर घराचं दैवच उठून जाणार. पीक, पोरं, पाऊस, सगळं त्या नऊ जणांच्या भरवशावर. ठेवावं तर भित्र्याला नव्वद वर्षं पूजलं म्हणून नदीभर हसं. इकडे आड, तिकडे विहीर. एंगोंगाचं थोरपण ज्या शत्रूंवर उभं होतं, त्यातलाच एक मास्तरनं हातानं पाडला होता. उचलली जीभ लावली टाळ्याला, पण टाळू सगळ्या घराची होती!

आणि सगळ्यात आधी भडकली ती इनी रेमी. म्हातारीला उठता येत नव्हतं, बसल्या जागेवरून तिनं फुंकणी मास्तरच्या दिशेनं फेकली. ‘‘मेल्या! माझ्या सासूनं ह्याला भात भरवला, तिच्या माघारी मी भरवते. पहिला घास माझ्या पोरांच्या आधी ह्याला. भित्र्याला भरवत होते का रे मी? सांग! उभा राहिला म्हणून तर आणला ह्याला. पळाला असता तर कुत्र्यानं खाल्ला असता!’’

‘‘इनी, ते नुसतं वाक्याच्या सोयीसाठी...’’

‘‘तुझ्या वाक्याला आग लागो!’’

मग सगळ्याच बायका बोलायला लागल्या. जाबूसुद्धा म्हणाला, ‘‘काका, मला वाटलं तसं खरंच गाण्यात आहे. म्हणून बुडलो मी.’’ तुआई मंजानं हात वर केला. आता तो हात जोडत नव्हता. ‘‘मास्तर, पुस्तकं आणा. सगळी.’’

‘‘पण पाण्यानं तर माझ्या बाजूनं...’’

‘‘पाण्यानं सांगितलं जाबूची छाती मोठी आहे. पुस्तकं आणा.’’

खोके आले. शाईची दौत आली. अम्ब्रोस मास्तर पांढऱ्या शर्टात मांडी घालून बसला आणि दोनशे वेळा तेच पान उघडून त्यानं त्या ओळीवर काट मारली. सुरुवातीला तो शब्दापुरती बारीक रेघ मारत होता. लेम्बा शेजारी बसली होती, ओली, दिलेलं कोरडं कापड न घेता. तिनं बोट ठेवलं, ‘‘पळाला हे पण. पाठीमागून हे पण.’’ मास्तरनं विचारलं, ‘‘मग तिथे काय लिहू?’’

‘‘गाण्यात आहे ते. पडला.’’

‘‘ओळ अगदीच साधी होईल गं.’’

‘‘होऊ दे.’’

शेवटची प्रत मिटली तेव्हा मास्तरची बोटं निळी झाली होती. तुआईनं सुटल्यासारखा श्वास सोडला, तुआकची, भाताच्या दारूची, घागर मागवली आणि पहिला पेला लेम्बापुढे धरला. ‘‘झालं ना, इंदाई? तो आमच्याकडेच राहू दे. आम्ही त्याला नीट ठेवू. आता राग सोड.’’

लेम्बानं रेमीकडे बघितलं. म्हातारी डोळे पुसत तिसऱ्या कड्याखालचं लाकूड सारत होती. ‘‘राहू दे,’’ लेम्बा म्हणाली. ‘‘पण पुस्तकातलं झालं. त्याचं कुठे झालंय? अम्ब्रोस, ऊठ. ज्याला बोललास त्याच्यासमोर उभा राहा.’’

मास्तरनं तुआईकडे बघितलं. तुआई दुसरीकडे बघत होता. मास्तर उठला, चुलीपाशी गेला, शर्ट नीट केला, घसा खाकरला, आणि अडचणीत सापडला की जे आसरा देतं तेच त्याच्या तोंडून निघालं: ‘‘ओ दाऊ नोबल...’’

‘‘त्याला इंग्रजी येत नाही,’’ लेम्बा म्हणाली.

 सगळं घर बघत होतं. तीस वर्षं शब्दांनी खिसे भरून आणणाऱ्या त्या माणसाला एकही सापडेना.  शेवटी तो हळूच, लहानपणी आजोबांशी बोलायचा तशा इबानमध्ये, म्हणाला, ‘‘आकी, तू पळाला नव्हतास. मी खोटं लिहिलं.’’

‘‘ऐकू नाही गेलं त्याला,’’ लेम्बा म्हणाली. ‘‘मोठ्यानं बोल.’’